नायलॉनच्या साडीची गोष्ट

ही गोष्ट मी सांगायची टाळत आलो, असं म्हणणं पुरतं खरं नाही. मी ती सांगत आलो, तेच वाईट झालं. घरात लग्न असो की बारसं, चार नातेवाईक जेवून सतरंजीवर आडवे झाले की कोणीतरी म्हणतंच, "मधुकाका, ते कॉम्प्युटरचं सांगा ना." मग मी सांगतो. आमच्या नागपुरातल्या नंदनवनच्या घरात गल्लीतला पहिला कॉम्प्युटर कसा आला, मी त्याची मेमरी कशी वाढवली, आणि सुलोचनावहिनींच्या नायलॉनच्या साडीनं ती दोन दिवसांत कशी जाळली. पदर झटकल्यासारखा हात करून मी तोंडानं 'चट्' असा आवाज काढतो आणि त्या आवाजाला लोक हसतात. सांगून सांगून ही गोष्ट इतकी गुळगुळीत झाली आहे की ज्यांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता अशी मुलं ती माझ्या हातवाऱ्यांसकट सांगतात. टाळत आलो ते तिच्यातलं खरं. ते आता लिहायला घेतलं आहे आणि पुरं केल्याशिवाय पेन ठेवायचा नाही. अक्षर पूर्वीसारखं राहिलेलं नाही, पण ती सबबही याआधी वापरून झाली आहे.

आमचं घर म्हणजे रस्त्याकडची बैठक, मधे एक अंधारी खोली, मागे स्वयंपाकघर आणि अंगणात नळ. बैठकीत भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली लोखंडी कपाट आणि खिडकीत दादानं बसवलेला कूलर. उन्हाळ्यात कूलरच्या पंपाची गुरगुर आणि वाळ्याचा ओला वास यांतच आमचा दिवस जायचा. बाबा मिलमध्ये विणकर होते. मिल बंद पडली, सकाळचा भोंगा वाजेनासा झाला, तरी ते भोंग्याच्याच वेळेला उठत, अंघोळ करून धुतलेला सदरा घालत आणि मग कुठे जायचं नसल्यानं कूलरसमोरच्या खाटेवर येऊन बसत. त्यांचं बोलणं जवळजवळ संपलं होतं. दादा, माझा मोठा भाऊ, एका सरकारी कचेरीत कारकून होता आणि घर त्याच्यावर चालत होतं. मी पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला होतो. घरातला रेडिओ बिघडला तर मीच उघडायचा आणि मीच बंद करायचा. मधल्या काळात कोणी जवळ आलं तर "हात लावू नका, सर्किट आहे" असं मी इतक्या वेळा म्हणत असे की आई मला सर्किटच म्हणू लागली होती.

आणि दादाची बायको, सुलोचनावहिनी. त्या कुहीकडच्या, धानाच्या बांधावर वाढलेल्या. लग्नाआधी मराठी टायपिंगची परीक्षा पास झाल्या होत्या आणि त्यांची बोटं ते विसरायला तयार नव्हती. भात शिजेपर्यंत चुलीपाशी बसल्या असल्या तरी उपड्या घातलेल्या परातीवर त्यांची दहाही बोटं काहीतरी लिहीत असत. मी एकदा विचारलं, "वैनी, काय लिहून राहिल्या?" तर म्हणाल्या, "तुमची तक्रार लिहून राहिली भाऊजी, प्रिन्सिपॉलले." त्यांच्या हातचे लाखोळीच्या डाळीचे वडे आणि कैरीचं सार आजही माझ्या जिभेवर आहे. आईला ते वडे आवडत, पण तसं ती म्हणत नसे. आई म्हणायची, "तेल लय पिते वं तुहा वडा." आणि आणखी एक घ्यायची.

कॉम्प्युटर आला तो दादाच्या ओळखीतल्या एका कॉम्प्युटर क्लासमधून. क्लास बंद होत होता, सामान निघत होतं. वहिनींनी त्याच क्लासमध्ये, तिथल्या मोठ्या यंत्रावर, तीन-चार महिने शिकून मराठी अक्षरं पडद्यावर उमटवली होती, म्हणून त्यांनी दादाच्या मागे लकडा लावला. दादानं तो प्रिंटरसकट सायकलरिक्षावर गादी अंथरून, तिच्यावर ठेवून, स्वतः बाजूनं चालत आणला. गल्लीतली सगळी माणसं दारात. बाबा खाटेवरून उठले, त्या पांढुरक्या पेटीभोवती एक फेरी मारली आणि किती दिवसांनी एक अख्खं वाक्य बोलले, "याले चारा काय लागते गा?" बैठकीतले सगळे हसले आणि बाबाही हसले. वहिनी दाराशी उभ्या होत्या. त्या कॉम्प्युटरकडे बघत नव्हत्या, बाबांकडे बघत होत्या. हे माझ्या लक्षात आलं होतं, पण त्याचा अर्थ तेव्हा मी लावला नाही.

लकडगंजात, लाकडाच्या वखारींच्या ओळीमागे, एक छापखाना होता. त्याच्या मालकाला सगळे बाबूजी म्हणत. बाबूजींना शाळेच्या गाइडबुकांची कामं मिळत आणि खिळे जुळवणारी माणसं एकेक करून सोडून चालली होती. दादा वहिनींना घेऊन त्यांच्याकडे गेला. बाबूजींनी वहिनींना तिथल्या टाइपरायटरवर अर्धं पान टाइप करायला लावलं, चष्मा वर करून वाचलं आणि म्हणाले, "बेटी, कॉम्प्युटर पर पहला पाठ बनाके लाओ, सोमवार को. साफ निकला तो पूरी किताब तुम्हारी, और आगे की भी." वहिनी घरी आल्या त्या चपला काढायचं विसरून थेट स्वयंपाकघरात गेल्या. आई म्हणाली, "आमच्या घरच्या सुना बोटं कणकेत घालत आल्या, बापा." वहिनी म्हणाल्या, "कणकेतही घालतो ना आत्याबाई. पहाटे कणकेत, दुपारी मशीनवर. बोटं तर तीच आहेत." आईनं "सोमवार पाहू" एवढंच म्हटलं, आणि आमच्या घरात याचा अर्थ असा होता की त्या सोमवारवर वहिनींचं पुढचं सगळं ठरणार.

अडचण एकच होती. आमच्या यंत्रात मेमरी होती दोनशे छप्पन किलोबाइट. इंग्रजीला ती पुरायची. पण मराठीचा प्रोग्राम फ्लॉपीवरून चढवला की तो थोडा वेळ घरघर करायचा, मेमरी कमी पडते असं इंग्रजीत सांगायचा आणि मिटून जायचा. त्याला सहाशे चाळीस लागत होती. आज माझ्या नातीच्या खेळण्यातही याच्या कितीतरी पट मेमरी असते, आणि ती वाढवायची तर एक पट्टी खाचेत दाबायची, झालं. तेव्हा पट्ट्या आमच्या गावापर्यंत पोचल्या नव्हत्या. बोर्डावर रिकाम्या सॉकेटांच्या रांगा असत आणि त्यांत झुरळाएवढे काळे आयसी एकेक करून बसवावे लागत. एका रांगेत नऊ: आठ जण अक्षरं सांभाळणारे आणि नववा त्या आठांवर नजर ठेवणारा. कुठे काही चुकलं की हा नववा बोंब मारायचा आणि यंत्र जागच्या जागी थांबायचं. आमच्या बोर्डाची एक रांग भरलेली होती, तीन रिकाम्या होत्या. त्यांतली एक मोठ्या आयसींनी आणि दोन लहान आयसींनी भरली की सहाशे चाळीस होणार होते. हे सगळं मी घरात सर्वांना जेवताना समजावून सांगितलं. आई म्हणाली, "सहाशे चाळीस काय? किलो?" दादा म्हणाला, "हो, घर खचणार आता."

दादाच्या लुनावर वहिनींना मागे बसवून मी बर्डीच्या बाजारात गेलो. मे महिना, डोक्याला ओला दुपट्टा. रेडिओच्या सुट्या भागांच्या गल्लीत एकाच दुकानात हे आयसी मिळत. दुकानदारानं काचेच्या काउंटरवर काळ्या फोमचे तुकडे मांडले; त्यांत आयसी पाय खुपसून उभे होते. निवडायचं कसं ते मला पॉलिटेक्निकच्या सरांनी सांगितलं होतं. पाठीवरच्या लांबलचक आकड्याच्या शेवटी एक छोटा आकडा असतो, तो वेगाचा. आकडा लहान तर आयसी चपळ. जुन्या रांगेवर पंधरा होतं, तेव्हा नवे पंधराचे किंवा बाराचे हवेत, वीसचा एकही चालायचा नाही, नाहीतर बाकीचे पुढे पळतील आणि तो मागे राहील. दुकानदारानं मोजून दिले त्यांत वीसचे मिसळलेले होते. आम्ही दोघं दुकानाच्या पायरीवर उजेडात बसलो. वहिनी आकडे वाचत होत्या, मी हो किंवा नाही म्हणत होतो. "हा पंधरा. हा पंधरा. हा वीस, म्हातारा आहे, परत." दुकानदार वैतागला. "भाभीजी, आप तो भेंडी छाँट रही हो." वहिनी म्हणाल्या, "भेंडी मोडून पाहता येते भैया, हे कुठं मोडून पाहू?" तो हसला आणि त्यानं बदलून दिले. बांधून देताना तो मला म्हणाला, "इसी काले फोम में रखना. बाहर निकालना तो सीधा बोर्ड में." मी मान हलवली. हे वाक्य मी ऐकलं होतं. वहिनींनीही ऐकलं होतं. त्या उन्हात, त्या पायरीवर, मी माझ्या कानांनी ऐकलं होतं, आणि हे मला आज स्पष्ट लिहायचं आहे, कारण पुढे मी स्वतःलासुद्धा असं पटवू पाहिलं की गल्लीत गर्दी होती आणि नीट ऐकू आलं नाही.

बसवायचं काम दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी सुरू केलं. मी त्याचा सोहळाच केला. कूलर बंद करायला लावला, त्याचे तुषार बोर्डावर उडतील म्हणून. पंखा बंद, धूळ उडेल म्हणून. खिडकी लावून घेतली. नागपूरच्या मे महिन्यात दारंखिडक्या लावलेल्या बैठकीत बाबा, आई, रजा काढलेला दादा, वहिनी आणि मी घामानं निथळत बसलो. अंगातली वीज आयसीला मारते हे सरांनी शिकवलं होतं, म्हणून मी प्रत्येकाला लोखंडी कपाटाला हात लावायला सांगितला. बाबांनी मुकाट्यानं उठून लावला. आई म्हणाली, "मी तर नुसती पाहून राहिली, मले काहून?" मी म्हटलं, "लाव." तिनं कपाटाला हात लावला आणि मग सवयीनं नमस्कार केला. मी पेटी उघडली, झाकण अंगणात नेऊन पुसलं, बोर्डावरच्या बारीक स्विचांची ओळ टूथपिकनं सरकवून यंत्राला नवी मेमरी किती ते सांगितलं. सगळं पुस्तकाप्रमाणे.

मग आयसींचे पाय. नव्या आयसीचे पाय थोडे फाकलेले असतात. सॉकेटात जाण्याआधी ते टेबलाच्या पृष्ठभागावर दाबून सरळ करावे लागतात. मी ते एकेक काढून सरळ करू लागलो आणि सरळ केलेले, न केलेले यांत गोंधळ होऊ लागला. काळा फोम छोटा होता, त्याचा चुरा पडत होता. कपाटावर थर्माकोलचा एक जाड तुकडा होता. जयंतीला आमच्या गल्लीनं थर्माकोलचा स्तूप केला होता, त्यातलं उरलेलं सामान आमच्याकडे ठेवलं होतं. तो पांढराशुभ्र, सपाट तुकडा मला फारच पसंत पडला. मी पेन्सिलीनं त्यावर तीन रेघा मारल्या आणि सरळ केलेले आयसी रांगेनं त्यात खुपसले. बोर्डावर जसे बसणार तशाच तीन रांगा. दिसायला ते फार सुंदर दिसत होतं. वहिनी वाकून म्हणाल्या, "भाऊजी, त्या दुकानवाल्यानं काळ्यातच ठेवा म्हटलं होतं ना?"

"वैनी, फोम म्हणजे फोम. काळा काय न् पांढरा काय."

"नाही, त्यानं म्हटलं होतं म्हणून म्हटलं."

"त्याले विकायचं माहीत आहे. बसवायचं मले माहीत आहे."

बाबा तिकडून म्हणाले, "करू दे वं त्याले. शिकून राहिला तो." वहिनी मागे सरून बसल्या.

काळा फोम वीज वाहून नेणारा असतो, आयसीच्या सगळ्या पायांना एकत्र बांधून ठेवतो, म्हणून त्यात ते सुरक्षित असतात. थर्माकोल वीज साठवतो. हे मला तेव्हा माहीत नव्हतं, आणि नसणं हा गुन्हा नाही. पण दुसरी एक गोष्ट मी डोळ्यांनी पाहिली. आयसी उपटून काढताना थर्माकोलचे बारीक दाणे निघत होते आणि ते खाली पडत नव्हते. ते उडी मारून माझ्या बोटांना चिकटत होते, आयसीच्या पायांना चिकटत होते, फुंकर घातली तरी सुटत नव्हते. बंद, कोरड्याठाक खोलीत ते दाणे जिवंत असल्यासारखे नाचत होते. शाळेत कंगवा केसांवर घासून कागदाचे कपटे उचलायचा खेळ प्रत्येकानं केलेला असतो. मला ते ओळखू आलं. हाताला लागलेला एक दाणा मी अंगठ्यानं चोळून काढला आणि पुढचा आयसी घेतला. पाच माणसं माझ्याकडे बघत होती... नाही, चार, पाचवा मी स्वतः, आणि तोच सर्वांत जास्त कौतुकानं बघत होता.

प्रत्येक आयसीच्या टोकाला अर्धगोल खाच, ती बोर्डावरच्या खुणेशी जुळवायची, आणि मग दोन्ही अंगठ्यांनी दाबायचं. बोर्ड वाकून कर्र करायचा. दर वेळी आईच्या तोंडून "अगं बाई" निघायचं. शेवटचा बसला तेव्हा माझे अंगठे लाल झाले होते. बटण दाबलं. काळ्या पडद्यावर कोपऱ्यात हिरवा आकडा चढू लागला. दोनशे छप्पनवर पोचला तेव्हा सगळ्यांचे श्वास थांबले. तो थांबला नाही. पाचशे ओलांडले, सहाशे ओलांडले, सहाशे चाळीसला टेकला आणि यंत्रानं एक बारीक शीळ घातली. वहिनींनी फ्लॉपी घातली. प्रोग्राम चढला, आणि त्यांनी पहिला शब्द उमटवला तो बाबांचं नाव. बाबा जवळ आले. स्वतःचं नाव पडद्यावर हिरवं चमकताना पाहून ते म्हणाले, "हे माह्या पोरानं केलं." संध्याकाळी ते कितीतरी महिन्यांनी घराबाहेर पडले, चौकात मिलमधल्या जुन्या सोबत्यांकडे गेले, आणि तेच वाक्य तिथे सांगून आले.

शनिवारी दुपारी भांडी घासून झाल्यावर वहिनी बसल्या. अंगावर नेहमीची घरातली नायलॉनची साडी, धुतली की लगेच वाळणारी. तासभर काम सुरळीत चाललं. आणि मग यंत्र जागच्या जागी थांबलं. नवव्यानं बोंब मारली होती. केलेलं पान गेलं. बंद करून पुन्हा सुरू केलं तर चाललं, आणि काही वेळानं पुन्हा थांबलं. मी झाकण उघडून आयसी दाबून दाबून पाहिले. उपयोग झाला नाही. नवे काढून टाकावेत तर मराठीचा प्रोग्रामच चढणार नव्हता. वहिनी म्हणाल्या, "चालते तेवढा वेळ चालू द्या. मी पाहतो." त्यांनी पदर खोचला आणि एक नवी रीत काढली. एक ओळ टाइप करायची की फ्लॉपीवर साठवायची. एक ओळ, घर्र. एक ओळ, घर्र. यंत्र थांबलं की उठून पाणी प्यायच्या, बटण दाबायच्या, आणि शेवटच्या साठवलेल्या ओळीपासून पुढे. रविवारी सकाळचा स्वयंपाक त्यांनी उरकला आणि पुन्हा तेच. आईसुद्धा दुपारी आतून येऊन त्यांच्याजवळ पन्ह्याचा पेला ठेवून गेली. एखाद्या बिघडलेल्या यंत्राशी इतक्या थंड डोक्यानं झुंजणारं माणूस मी पुढच्या सगळ्या आयुष्यात पाहिलं नाही, आणि माझा धंदाच यंत्रं दुरुस्तीचा होता. पाठाचं शेवटचं पान अर्धं झालं असताना यंत्र थांबलं आणि मग सुरूच झालं नाही. आकडा दोनशे छप्पनच्या पुढे जाईना. छापायचं अजून राहिलं होतं, आणि फ्लॉपीतलं मराठी उघडेल असं दुसरं यंत्र आमच्या ओळखीत नव्हतं.

बाबा खाटेवरून उठून आले. "काहून बंद पडलं गा?" त्यांनी मला विचारलं. रागानं नाही. काळजीनं. चौकात सांगून आलेल्या माणसाची ती काळजी होती.

माझ्या डोळ्यांपुढे बोटांना चिकटलेले ते दाणे आले. मला सांगता आलं असतं. एका वाक्यात सांगता आलं असतं. त्याऐवजी मी वहिनींच्या साडीकडे पाहिलं आणि म्हणालो, "स्टॅटिक. अंगातली वीज. ही नायलॉनची साडी आहे ना, खुर्चीवर घासते, वीज तयार होते. त्यानं आयसी जळले." आणि माझं म्हणणं खरं वाटावं म्हणून मी त्यांचा पदर दोन बोटांत धरून झटकला. कोरड्या हवेत तो खरोखरच चट् वाजला.

दादा म्हणाला, "मग आधी सांगायचं ना."

"कपाटाले हात लावा म्हणून सांगितलं होतं की. दर वेळी लावला का वैनींनी?"

आई म्हणाली, "मी म्हणतच होती. ज्याचं काम त्यानं करावं."

वहिनींची नजर कपाटावर गेली. तिथे तो थर्माकोलचा तुकडा अजून पडला होता, तीन रेघांवर भोकांच्या रांगा घेऊन. त्यांनी तो पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. त्यांना सगळं कळलं होतं असं नाही. पण दुकानदाराचं वाक्य त्यांना आठवलं होतं, एवढं त्या नजरेत होतं. मी डोळे खाली घातले. मला वाटलं, आता बोलतील. त्यांनी बाबांकडे पाहिलं. बाबा माझ्याकडे बघत होते, आणि माझं उत्तर ऐकून त्यांचा चेहरा सैल झाला होता. वहिनी म्हणाल्या, "माहीच चूक झाली असन, आत्याबाई."

सोमवारी दादा एकटा लकडगंजला जाऊन आला. पाठ तयार नाही म्हटल्यावर बाबूजींनी काम दुसरीकडे दिलं. मंगळवारी सकाळी मी नळावर तोंड धूत होतो, वहिनी बाजूला तांदूळ धूत होत्या. मी नुसतंच "वैनी" म्हटलं. त्या पाण्यात हात घालून म्हणाल्या, "मामंजी किती दिवसांनी हसले होते ना भाऊजी." मग तांदूळ घेऊन आत गेल्या. त्यांनी माझ्यावर उपकार केला असं मी कित्येक वर्षं समजत होतो. आता वाटतं, त्यात माझा भाग थोडाच होता. त्या बाबांना जपत होत्या, आणि त्याची किंमत कोण भरणार हे त्यांनी क्षणभरात ठरवून टाकलं होतं. तो तुकडा मी त्याच दिवशी मोडून चुलीत घातला. त्याचा काळा, उग्र धूर झाला आणि आई ओरडली.

पुढच्या आठवड्यात मी एकेक आयसी बदलून खराब कोणते ते शोधून काढलं, पुन्हा बर्डीला जाऊन थोडे नवे आणले, आणि या वेळी काळ्या फोममधून थेट बोर्डात बसवले. यंत्र नीट चालू लागलं. खरं सांगायची ती दुसरी संधी होती. पण दादानं "तू हात लावू नको आता" असं वहिनींना सांगून टाकलं होतं, आणि मी ती खुर्ची रिकामी पाहून तिच्यावर बसलो. महिन्याभरात बाबूजींकडून दुसऱ्या गाइडबुकाचं काम आलं ते मी केलं. त्या खुर्चीवरून माझा धंदा उभा राहिला, दुकान झालं, नाव झालं. वहिनी दुपारी चहा आणून ठेवत, दारात थांबून पडद्याकडे थोडा वेळ बघत, कधी म्हणत, "तो ऱ्हस्व पाहिजे होता भाऊजी," आणि आत जात. परातीवरची बोटं कधी थांबली ते मला कळलं नाही.

साडीचा किस्सा प्रथम बाहेर कोणी सांगितला? मीच. दादाच्या मुलीच्या बारशात. वहिनी बाळाला घेऊन बसल्या होत्या, हसल्याही होत्या. मग तो किस्सा घराचाच होऊन गेला.

बाबा गेले, आई गेली, दादा गेला. ज्यांना जपायचं ते कोणी राहिलं नाही, आणि ज्यांच्यापुढे मान खाली जाईल असंही. तेव्हा एका हिवाळ्यात मी ठरवून गेलो. वहिनी अंगणात उन्हात बसून तुरीच्या शेंगा सोलत होत्या. गुडघे धरले होते, पण बोटं अजून तशीच चपळ. मी खुर्ची ओढून बसलो आणि शेंगा सोलू लागलो. थोड्या वेळानं म्हणालो, "वैनी, ते कॉम्प्युटरचं एक सांगायचं होतं."

"सांगा ना."

तेवढ्यात त्यांची सून चहा घेऊन बाहेर आली. नवीच होती, दिवाळीत लग्न झालेली. ती म्हणाली, "काका, ते साडीचं का? मले यांनी अर्धंच सांगितलं. तुम्ही सांगा ना पूर्ण." वहिनी हातातली शेंग तशीच धरून माझ्याकडे बघत होत्या. त्या दिवशी त्या माझ्या बोलण्यासाठी थांबल्या होत्या, हे मी शपथेवर सांगतो. आणि मी सांगितलं. सायकलरिक्षा, कूलर, आईचा कपाटाला नमस्कार, सगळं. शेवटी हात झटकून मी चट् वाजवलं. सून तोंडावर पदर घेऊन हसली. वहिनींनी शेंग सोलून दाणे ताटलीत टाकले आणि म्हणाल्या, "घ्या, चहा थंड होऊन राहिला."

उन्हाळा लागायच्या आत त्या गेल्या. मी गावाला होतो. पोचलो तोवर सगळं आटोपलं होतं.

शेंगा सोलल्या त्या दिवशी, उठून जाताना फाटकाशी मी जे मनात जुळवत उभा होतो, आणि आत परत न वळता निघून गेलो, ते असं होतं: वैनी, तुम्ही मला काळ्या फोमचं सांगितलं होतं आणि मी ऐकलं नाही. दाणे बोटांना चिकटत होते ते मी पाहिलं होतं. साडीचं मी खोटं बोललो, आणि खोटं बोलतोय हे माहीत असताना बोललो. आयसी गेले त्याचं काही नाही, ते दुसरे मिळाले. ती खुर्ची तुमची होती. मी तुम्हाला तिच्यावरून उठवलं आणि स्वतः बसलो, आणि वर तुमच्यावरच लोकांना हसवत राहिलो. मला माफ करा.